फ्रान्सिस टर्बाइनच्या आतील प्रवाह प्रतिमांवरून कसा मोजावा

जलविद्युत टर्बाइनची कार्यक्षमता काढायला हेड (पाण्याच्या पडण्याची उंची), विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी), शाफ्टवरचा टॉर्क आणि फेऱ्यांची गती या चार राशी पुरतात, आणि त्या मोजण्याच्या पद्धती आता चांगल्या पक्क्या झालेल्या आहेत. मात्र फ्रान्सिस यंत्र कमी भारावर चालवले की कार्यक्षमता खाली येते, ड्राफ्ट ट्यूबमधून, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या खालच्या नळीतून, दणके ऐकू येऊ लागतात, दाब एका लयीत वरखाली होतो, आणि या सगळ्याचे कारण त्या चार आकड्यांत कुठेही सापडत नाही. ते कारण रनरच्या, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, खालच्या शंकूत, ड्राफ्ट ट्यूबच्या सुरुवातीच्या भागात असते. रनरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फिरकी शिल्लक राहते, शंकूच्या मध्यभागी प्रवाह मंदावतो, कधी कधी उलट वरच्या दिशेने सरकतो, आणि त्या मंद गाभ्याभोवती एक सर्पिल भोवरा गरगरत राहतो, ज्याला टर्बाइन अभियंते ‘व्हॉर्टेक्स रोप’ म्हणतात. आत कोणतीही नळी किंवा सेन्सर न खुपसता हा प्रवाह एका संपूर्ण छेदावर मोजायचा असेल, तर पार्टिकल इमेज व्हेलोसिमेट्री, म्हणजेच पीआयव्ही, हा सध्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. कवडशात धुळीचे कण तरंगताना दिसतात आणि त्यांच्यावरून हवा कुठे चालली आहे ते कळते. तसेच येथे पाण्यात अतिसूक्ष्म कण सोडून, लेसरच्या पातळ पडद्याने त्यांचा एक छेद उजळून, काहीशे मायक्रोसेकंदांच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतली जातात. छायाचित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील कणांचा समूह पहिल्या चित्रातून दुसऱ्या चित्रात किती सरकला हे क्रॉस-कोरिलेशनने (दोन चित्रांतील नमुना कुठे सर्वांत चांगला जुळतो हे शोधणाऱ्या गणिताने) काढले, आणि त्या सरकण्याला मधल्या वेळाने भागले, की त्या जागेचा वेग मिळतो. गणिताचा हा भाग संगणक काही मिनिटांत करून देतो. चाचणी यशस्वी होणार की नाही हे मात्र पहिले छायाचित्र घेण्याच्या आधीच, खिडकी, कण, वेळेचे अंतर आणि कॅलिब्रेशन (पिक्सेल व मिलिमीटर यांची सांगड) यांवर ठरून गेलेले असते, म्हणून या लेखात भर त्यांवरच दिलेला आहे.

कोणते यंत्र, कोणती जागा

प्रत्यक्ष वीजगृहातील टर्बाइनची ड्राफ्ट ट्यूब पोलादी अस्तराची आणि काँक्रीटमध्ये गाडलेली असते, त्यामुळे तेथे लेसर आणि कॅमेरा यांना वाव जवळजवळ नसतो. पीआयव्हीचे काम म्हणून प्रतिकृतीवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०१९३ नुसार चालणाऱ्या बंद चक्राच्या चाचणी-संचावर केले जाते. यातले आकडे डोळ्यांसमोर राहावेत यासाठी मी येथे ‘फ्रान्सिस-९९’ या खुल्या प्रकल्पाची प्रतिकृती धरली आहे. नॉर्वेतील टोक्के वीजगृहाच्या टर्बाइनची ही १:५.१ प्रमाणातील प्रतिकृती ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू या तंत्रविद्यापीठात आहे. एनटीएनयू आणि स्वीडनमधील लुलेओ तंत्रविद्यापीठ यांनी तिची भूमिती आणि मापने जगभरच्या संशोधकांना खुली केली, आणि २०१४ मध्ये त्यावरची पहिली कार्यशाळा झाली. हेड सुमारे १२ मीटर, सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूवर विसर्ग सुमारे ०.२ घनमीटर प्रति सेकंद, गती मिनिटाला सुमारे ३३५ फेरे, रनरच्या निर्गमाचा व्यास ०.३४९ मीटर, आणि रनरवर १५ पूर्ण व १५ अर्धी पाती, असे तिचे स्वरूप आहे. ज्यांना स्वतःच्या संचावर काम सुरू करायचे आहे त्यांनी आधी ही सार्वजनिक मापने उतरवून घ्यावीत आणि आपली प्रक्रिया-पद्धत समजून घ्यायला वापरावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांतील पोफळीची यंत्रे पेल्टन जातीची आहेत. त्यांत पाण्याचा झोत हवेतून जाऊन बकेटवर आदळतो, पाण्याने भरलेली ड्राफ्ट ट्यूब नसते, आणि म्हणून पुढे वर्णिलेली मांडणी त्यांना लागू पडत नाही. चौथ्या टप्प्यातील प्रत्येकी २५० मेगावॅटची चार यंत्रे मात्र फ्रान्सिस आहेत. सौर आणि पवन विजेचा वाटा वाढतो तसे जलविद्युत यंत्रांना दिवसातून अनेकदा भार बदलावा लागतो, आणि मग ज्या कमी भाराच्या पट्ट्यात व्हॉर्टेक्स रोप उपजतो, त्याच पट्ट्यातून यंत्राला वारंवार जावे लागते. शंकूतील प्रवाहाचे मापन आज महत्त्वाचे ठरते ते याच कारणाने.

मापनाची जागा शंकूतच घ्यावी, निदान पहिल्या चाचणीत. रनरच्या पात्यांमधील प्रवाह मोजायला पारदर्शक पाती किंवा पारदर्शक कडे लागते, गाइड व्हेनमधील (रनरकडे पाणी वळवणाऱ्या पात्यांमधील) फटीत बोरोस्कोप, म्हणजे नळीसारखी बारीक दुर्बीण, घालावा लागतो, आणि दोन्ही कामे महाग व वेळखाऊ आहेत. शंकूत खिडकी बसवणे त्या मानाने सोपे असते आणि रनरने पाण्याचे काय केले हे तेथे सगळे उमटलेले असते.

खिडकी

शंकूचा एक भाग काढून त्याजागी अ‍ॅक्रिलिकचा, आतून मूळ आकाराशी तंतोतंत जुळणारा भाग बसवावा. आतल्या पृष्ठभागावर धातू आणि अ‍ॅक्रिलिक यांच्या जोडावर पायरी राहता कामा नये, कारण पाव मिलिमीटरची पायरीसुद्धा भिंतीलगतचा प्रवाह बिघडवू शकते आणि मग आपण स्वतःच निर्माण केलेली विकृती मोजत बसतो. बसवल्यावर कमाल दाबापेक्षा जास्त दाबाने पाण्याची चाचणी घ्यावी, आणि कमी दाबाच्या चाचण्या करायच्या असतील तर निर्वातात हवा आत शिरत नाही याचीही खात्री करावी.

वक्र भिंतीतून पाहताना प्रतिमा वाकडी दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३, अ‍ॅक्रिलिकचा १.४९ आणि हवेचा १ आहे. सर्वांत मोठी उडी अ‍ॅक्रिलिक आणि हवा यांच्यामध्ये आहे, म्हणून वक्र बाहेरील पृष्ठभागाभोवती सपाट भिंतींची एक पारदर्शक पेटी बांधून ती पाण्याने भरावी आणि पेटीचा समोरचा चेहरा कॅमेऱ्याच्या अक्षाला काटकोनात ठेवावा. असे केल्याने वक्रतेची बहुतेक विकृती नाहीशी होते. उरलेली कॅलिब्रेशनमध्ये निस्तरता येते. दोन कॅमेऱ्यांची स्टिरिओ मांडणी असेल तर पेटीला दोन तिरपे चेहरे ठेवावे लागतात, प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एक. पाण्याचा अपवर्तनांक अ‍ॅक्रिलिकच्या बरोबर आणण्यासाठी सोडियम आयोडाइडसारखे द्रावण वापरण्याची पद्धत लहान प्रयोगांत चालते, पण दहावीस घनमीटर पाण्याच्या चाचणी-संचात ती खर्चाच्या आणि गंजण्याच्या दृष्टीने परवडणारी नाही.

लेसरबद्दल येथेच सांगणे योग्य होईल, कारण खिडकी आणि लेसर यांची जागा एकत्रच ठरवावी लागते. या कामात बहुधा ५३२ नॅनोमीटरचा, दोन स्पंद देणारा एनडी-याग लेसर वापरतात, आणि तो चौथ्या श्रेणीत मोडतो. त्याचा थेट किरणच काय, चकचकीत पोलादावरून उडालेला अंशसुद्धा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. चष्मे ५३२ बरोबरच मूळच्या १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य किरणासाठीही असावेत, दाराला इंटरलॉक असावा, किरणाची पातळी उभ्या किंवा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ नये, आणि संचाजवळ जाणाऱ्याने घड्याळ व अंगठ्या काढून ठेवाव्यात. जुळवणी नेहमी किमान शक्तीवर करावी. लेसरच्या पडद्यासमोरची शंकूची धातूची भिंत आणि रनरचे दिसणारे भाग काळ्या मॅट रंगाने रंगवले, तर सुरक्षितता वाढते आणि प्रतिमाही स्वच्छ येतात.

कण

कण पाण्याबरोबर इमानाने वाहिले पाहिजेत आणि प्रकाशही पुरेसा परावर्तित केला पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कारण पहिलीसाठी कण लहान हवेत आणि दुसरीसाठी मोठे. व्यवहारात १० मायक्रॉनच्या आसपासचे काचेचे पोकळ गोळे किंवा २० ते ५० मायक्रॉनचे पॉलिअ‍ॅमाइडचे कण वापरले जातात. २० मायक्रॉनच्या आणि १०३० किलोग्रॅम प्रति घनमीटर घनतेच्या पॉलिअ‍ॅमाइड कणाचा प्रतिसादकाळ (पाण्याचा वेग बदलला की त्याच्याशी जुळायला लागणारा वेळ) स्टोक्सच्या सूत्राने सुमारे २३ मायक्रोसेकंद येतो. आपल्या रनरची पाती सेकंदाला सुमारे १६७ वेळा एका बिंदूवरून जातात, म्हणजे दर सहा मिलिसेकंदांनी एक, आणि त्यापुढे २३ मायक्रोसेकंदांची दिरंगाई नगण्य आहे.

किती कण टाकावेत याचा हिशेब आधी कागदावर करावा. समजा एका पिक्सेलमध्ये ०.१ मिलिमीटर मावते आणि कोरिलेशनची खिडकी, म्हणजे छायाचित्राचा वर सांगितलेला एक लहान चौकोन, ३२ पिक्सेलची आहे. म्हणजे ती ३.२ मिलिमीटर लांबरुंद झाली. पडदा २ मिलिमीटर जाड धरला तर त्या खिडकीचे आकारमान सुमारे २० घनमिलिमीटर होते, आणि त्यात निदान आठ कण हवेत असे मानले तर घनमिलिमीटरमागे ०.४ कण लागतात. चाचणी-संचात ४० घनमीटर पाणी असेल तर सुमारे १,६०० कोटी कण लागतील. आकडा ऐकून छाती दडपते, पण २० मायक्रॉनच्या एवढ्या कणांचे वजन ७० ग्रॅमच्या आसपास भरते. प्रत्यक्षात काही कण टाकीच्या तळाशी बसतात, काही गाळण्यांत अडकतात, म्हणून थोडे थोडे टाकत, दर वेळी पाणी पुरेसे फिरवून प्रतिमा तपासत जावे. कण पंपापूर्वी टाकल्यास ते चांगले मिसळतात. कणांचा सुका पुंजका थेट पाण्यात टाकू नये. बादलीभर पाण्यात, साबणाच्या एकदोन थेंबांनी आधी नीट कालवून घ्यावा, नाहीतर गुठळ्या होतात आणि प्रतिमेत पांढरे ठिपके दिसत राहतात.

प्रतिमेत प्रत्येक कण दोन ते तीन पिक्सेल रुंद दिसला पाहिजे. तो एकाच पिक्सेलमध्ये मावला तर सरकण्याचे मोजमाप पूर्णांकांकडे ओढले जाते, आणि वेगांचा हिस्टोग्राम काढल्यावर पूर्णांक पिक्सेलवर उंच शिखरे दिसतात. हा दोष सरासरी नकाशात दडून राहतो, म्हणून हिस्टोग्राम काढून पाहण्याची सवय ठेवावी. उपाय साधा आहे: भिंगाचे छिद्र थोडे लहान करावे किंवा फोकस किंचित सैल करावा.

पाण्यातील हवेच्या बुडबुड्यांचा वेगळा विचार करावा लागतो. बुडबुडे कणांपेक्षा कितीतरी जास्त चमकतात आणि पाण्याच्या वेगाने चालत नाहीत. मोजणीपूर्वी संच बराच वेळ चालवून पाणी निवळू द्यावे आणि पहिल्या चाचण्या कॅव्हिटेशन (कमी दाबाने पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होणे) होणार नाही इतक्या दाबावर कराव्यात. ज्यांना कॅव्हिटेशनसह, म्हणजे वाफेने भरलेल्या रोपाभोवतीचा प्रवाह मोजायचा आहे, त्यांनी ऱ्होडामाइनचा लेप असलेले कण घ्यावेत. हे कण हिरवा प्रकाश शोषून नारिंगी प्रकाश देतात; कॅमेऱ्यासमोर हिरवा प्रकाश अडवणारा फिल्टर लावला की बुडबुडे आणि भिंतीवरची चमक दोन्ही दिसेनासे होतात आणि फक्त कण उरतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएलच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस प्रतिकृतीतील कॅव्हिटेशनयुक्त रोपाची मोजणी अशाच कणांनी झाली.

दोन स्पंदांमधील वेळ

माझ्या मते संपूर्ण चाचणीत विचार करण्याजोगा सर्वांत मोठा निर्णय हाच आहे. वेळ कमी ठेवली तर कण इतके थोडे सरकतात की मोजमापातील ०.१ पिक्सेलची नेहमीची अनिश्चितता मोठी टक्केवारी बनते. वेळ जास्त ठेवली तर कण खिडकीबाहेर किंवा पडद्याबाहेर निघून जातात आणि कोरिलेशन कोसळते.

आपल्या प्रतिकृतीत ०.२ घनमीटर विसर्गाला ०.०९५७ चौरस मीटरच्या छेदाने भागले की सरासरी अक्षीय वेग २.१ मीटर प्रति सेकंद येतो. काही ठिकाणी तो ३ पर्यंत जाईल असे धरू. कोरिलेशन-खिडकीच्या एक चतुर्थांशापेक्षा, म्हणजे ८ पिक्सेल किंवा ०.८ मिलिमीटरपेक्षा, जास्त सरकू द्यायचे नाही, या रूढ नियमाने ३ मीटरच्या वेगासाठी सुमारे २६५ मायक्रोसेकंद मिळतात. पण लेसरचा पडदा उभा, अक्षातून जाणारा असेल तर फिरकीचा वेग पडद्याला आडवा असतो. कमी भारावर हा आडवा वेग २ मीटर धरला आणि २ मिलिमीटरच्या पडद्यात एक चतुर्थांशाचा तोच नियम लावला, तर वेळ २५० मायक्रोसेकंदांच्या आत हवी. म्हणून २०० घ्यावी. त्यात २ मीटरच्या वेगाने कण ४ पिक्सेल सरकतात आणि ०.१ पिक्सेलची अनिश्चितता अडीच टक्के होते. एवढी अचूकता एका क्षणाच्या नकाशाला पुरेशी आहे. भार आणखी कमी करून फिरकी वाढवायची असेल तर पडदा ३ मिलिमीटरपर्यंत जाड करावा. वेळ कमी करत जाण्यापेक्षा हा मार्ग सहसा चांगला ठरतो, मात्र जाड पडद्यात प्रकाश विरळ होतो हे लक्षात ठेवून लेसरची ऊर्जा वाढवावी लागते.

एक कॅमेरा की दोन

एका कॅमेऱ्याने सुरुवात करायला हरकत नाही, पण त्याची मर्यादा ओळखून. पडद्याला आडवी हालचाल कॅमेऱ्याच्या अक्षापासून दूरच्या बिंदूंवर पडद्यातील हालचालीसारखी दिसते. कॅमेरा एक मीटरवर असेल आणि बिंदू अक्षापासून १०० मिलिमीटर दूर असेल, तर आडव्या वेगाचा सुमारे दहावा भाग खोटेपणाने प्रतिमेत उतरतो. फिरकीचा वेग २ मीटर असताना ही चूक ०.२ मीटर होते. अक्षीय वेगात ती सहन करता येईल; त्रिज्येच्या दिशेतील वेग मुळातच तेवढा किंवा त्याहून कमी असतो, म्हणून एका कॅमेऱ्याने मोजलेल्या त्रैज्य वेगावर कमी भाराच्या चाचणीत विश्वास ठेवू नये, तो अहवालातही देऊ नये. रोपाचा खरा अभ्यास करायचा तर दोन कॅमेऱ्यांची स्टिरिओ मांडणीच हवी, कारण फिरकी मोजल्याशिवाय रोप समजत नाही आणि एका कॅमेऱ्याला उभ्या पडद्यात फिरकी दिसत नाही. तिरप्या कॅमेऱ्यांत संपूर्ण पडदा फोकसमध्ये राहावा यासाठी भिंग आणि सेन्सर यांच्यामध्ये शाइम्पफ्लग जोड (दोघांत ठरावीक तिरपेपणा ठेवणारा) वापरावा.

कॅलिब्रेशनसाठी ठिपक्यांची पट्टी शंकूच्या आत, नेमक्या पडद्याच्या पातळीत, संच पाण्याने भरलेला आणि पाणी स्थिर असताना बसवावी. हवेत केलेले कॅलिब्रेशन पाण्यात चालत नाही. पट्टी आणि पडदा अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले पाहिजेत. जुळणी पाहायला लेसर किमान शक्तीवर पट्टीच्या कडेवरून सरकवावा. स्टिरिओसाठी पट्टी पुढेमागे मोजून सरकवत तीन ते पाच पातळ्यांवर चित्रे घ्यावीत, तिसऱ्या घाताच्या बहुपदीने नकाशा बसवावा, आणि नंतर कणांच्याच प्रतिमांवरून सेल्फ-कॅलिब्रेशन करून पट्टी व पडदा यांतील उरलेला तिरकेपणा काढून टाकावा. पट्टी काढल्यानंतर कॅमेऱ्याला कुणाचा धक्का लागला अशी शंका आली तरी हे काम पुन्हा करावे.

ट्रिगर आणि प्रतिमांची संख्या

रनरच्या पात्यांच्या संदर्भात प्रवाह पाहायचा असेल तर शाफ्टवरच्या एन्कोडरच्या (शाफ्टचा कोन कळवणाऱ्या सेन्सरच्या) स्पंदाने लेसर चालवावा. येथे एक बारकावा आहे: लेसर त्याच्या ठरलेल्या वारंवारतेपासून फार दूर चालवला तर त्याचा स्फटिक वेगळ्या तापमानाला स्थिरावतो आणि किरणाचा आकार बदलतो. १५ हर्ट्झचा लेसर आणि सेकंदाला ५.५८ फेरे घेणारा रनर असेल, तर फेऱ्यामागे एकऐवजी दोन स्पंद घेऊन ११ हर्ट्झच्या वर राहावे, आणि निर्मात्याने दिलेली मर्यादा तपासावी.

व्हॉर्टेक्स रोप मात्र रनरशी बांधलेला नसतो. तो रनरच्या गतीच्या साधारण ०.२ ते ०.४ पट वेगाने फिरतो, म्हणजे आपल्या उदाहरणात सेकंदाला १.१ ते २.२ वेळा, आणि एन्कोडरच्या ट्रिगरने घेतलेल्या प्रतिमांत तो सगळा पुसट होऊन जातो. म्हणून शंकूच्या भिंतीत समोरासमोर दोन दाब-सेन्सर बसवावेत आणि लेसरचा स्पंद त्यांच्यासोबत एकाच नोंदणी-यंत्रात उतरवावा. दोन दाबांच्या फरकाचा निम्मा भाग फिरणाऱ्या रोपाचा असतो, बेरजेचा निम्मा भाग संपूर्ण नळीत एकाच वेळी उठणाऱ्या लाटेचा. फिरत्या भागावरून प्रत्येक प्रतिमेच्या वेळी रोप कोणत्या कोनात होता हे काढावे, ३० अंशांचे बारा गट करावेत, आणि गटवार सरासरी घ्यावी. वीजगृहाला दणके बसवणारा भाग बहुधा दुसरा, संपूर्ण नळीत एकाच वेळी उठणाऱ्या लाटेचा, असतो, म्हणून दोन सेन्सरचा खर्च वाचवू नये.

किती प्रतिमा? सरासरीची अनिश्चितता प्रतिमांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटते. वेगातील चढउतार २० टक्के असतील आणि सरासरी ९५ टक्के खात्रीने एका टक्क्यापर्यंत हवी असेल, तर सुमारे १,५४० स्वतंत्र प्रतिमा-जोड्या लागतात. त्यातील ‘स्वतंत्र’ या अटीकडे दुर्लक्ष होते. अतिवेगवान कॅमेऱ्याने एका सेकंदात १,५०० जोड्या घेतल्या तर त्या रोपाच्या दीड-दोन फेऱ्यांच्याच असतील आणि सरासरीच्या दृष्टीने त्यांची किंमत फार थोडी. १५ हर्ट्झने शंभर सेकंद घेतलेल्या तेवढ्याच जोड्यांत रोपाचे सुमारे १५० फेरे येतात. या शंभर सेकंदांत हेड, विसर्ग आणि पाण्याचे तापमान स्थिर राहिले का, याची नोंद प्रतिमांइतकीच जपावी. चार मेगापिक्सेलच्या, १६ बिटच्या प्रतिमांचे १,५०० संच सुमारे २५ गिगाबाइट होतात, तेव्हा साठवणीची सोय आधीच असावी. मूळ प्रतिमा पुसू नयेत. दोन वर्षांनी चांगली गणनपद्धत आली तर त्यांतूनच नवे निकाल मिळतात.

प्रक्रिया आणि पडताळणी

प्रक्रियेसाठी मॅटलॅबवरचे पीआयव्हीलॅब आणि पायथॉनमधील ओपनपीआयव्ही ही खुली साधने समर्थ आहेत. प्रथम सर्व प्रतिमांतील किमान तीव्रतेची प्रतिमा वजा करून स्थिर चमक काढावी, भिंत आणि रनरचा भाग झाकावा, नंतर ६४ पिक्सेलच्या खिडकीपासून ३२ पर्यंत, निम्म्या आच्छादनाने, दोन-तीन फेऱ्यांत कोरिलेशन करावे. चुकीचे सदिश शोधायला वेस्टरवील आणि स्कारानो यांनी २००५ मध्ये मांडलेली नॉर्मलाइज्ड मीडियन चाचणी वापरावी. तिची नेहमीची मर्यादा २ आहे. बाद होणारे सदिश पाच टक्क्यांहून जास्त असतील तर प्रक्रियेतील मर्यादा सैल करू नयेत. कण, प्रकाश किंवा वेळ यांपैकी काय चुकले ते शोधावे. बाद जागा शेजारच्या सदिशांवरून भरल्या असतील, तर त्या सांख्यिकीत धरू नयेत.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. अक्षीय वेगाच्या सरासरी आलेखाला त्रिज्येने व २π ने गुणून, अक्षापासून भिंतीपर्यंत बेरीज करून विसर्ग काढावा आणि संचावरच्या विद्युतचुंबकीय प्रवाहमापकाच्या आकड्याशी ताडून पाहावा. हे आधी सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूवर करावे, कारण तेथे फिरकी कमी असते आणि आडव्या वेगाची चूक लहान राहते. दोन-तीन टक्क्यांत जुळले तर मांडणी बरोबर आहे असे समजून कमी भाराकडे वळावे. जुळले नाही तर भिंतीलगतच्या मोजणीवर पहिला संशय घ्यावा. त्रिज्येच्या बाहेरच्या दहाव्या भागात छेदाचे १९ टक्के क्षेत्रफळ असते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात परावर्तन, वक्रतेची विकृती आणि वेगाचा तीव्र उतार एकत्र येतात. मध्यभागीचा नकाशा कितीही देखणा असला तरी विसर्ग तेथे ठरत नाही. शक्य असेल तेथे एकदोन बिंदूंवर लेसर डॉप्लर यंत्रानेही वेग मोजून ताळा पाहावा; फ्रान्सिस-९९ प्रतिकृतीवर लेसर डॉप्लरची मापने उपलब्ध आहेत आणि तुलनेची रीत त्यांवरून शिकता येते.

वीजगृहात काय करता येईल

प्रत्यक्ष यंत्राच्या विसर्गासाठी आयईसी ६००४१ मानकातील पद्धती, म्हणजे ध्वनिलहरी, करंट मीटर किंवा दाब-काल पद्धत, वापराव्यात. प्रतिमा तेथे त्यांची जागा घेत नाहीत. निर्गम कालव्यात मात्र कॅमेऱ्याचा खरा उपयोग आहे. काठावरून किंवा पुलावरून कालव्याचे चित्रीकरण करून, पाण्यावरचा फेस किंवा तरंग यांच्या सरकण्यावरून पृष्ठभागाचा वेग काढता येतो, आणि रिव्हर व फुदा-एलएसपीआयव्ही ही त्यासाठीची विनामूल्य साधने आहेत. त्यासाठी दोन्ही काठांवर निदान चार, शक्यतो सहा, खुणा सर्वेक्षण करून पक्क्या कराव्यात आणि चित्रीकरणाच्या वेळची पाण्याची पातळी अचूक नोंदवावी, कारण पातळी चुकली तर प्रतिमेचे प्रमाणच चुकते. पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणून उभ्या रेषेतील सरासरी वेग काढण्याचा प्रघात सरळ, स्थिर प्रवाहासाठी आहे. ड्राफ्ट ट्यूबच्या तोंडाशी पाणी उसळत वर येते, तेथे तो लावू नये. उसळी शमलेला, सरळ भिंतींचा पट्टा निवडावा, पूर्ण भार आणि अर्धा भार अशा दोन स्थितींत करंट मीटरने त्या पट्ट्याचा स्वतःचा गुणांक काढावा, आणि नंतर रोजच्या देखरेखीसाठी तो वापरावा.